स्प्रॉकेटचे दात आणि गाडीची ओढ : कोगनोळी परिसराच्या संदर्भात एक आढावा

पुणे-बेंगळुरू महामार्ग कागल सोडून दूधगंगा ओलांडतो आणि निपाणी तालुक्यातील कोगनोळीपाशी कर्नाटकात शिरतो. या महामार्गाचा जुना क्रमांक ४ होता आणि नवा ४८ आहे. या गावाच्या परिसरातील दुचाकी एकाच दिवसात दोन वेगळ्या रस्त्यांवर चालते : सकाळी ती टोलनाक्याजवळच्या गुळगुळीत डांबरावर साठ-सत्तरच्या वेगाने धावते, तर दुपारी काळ्या मातीच्या पाणंदीतून उसाच्या किंवा तंबाखूच्या शेताकडे, मागे वैरणीचा भारा किंवा दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या घेऊन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत जाते. पहिल्या वापराला वेग हवा असतो आणि दुसऱ्याला ओढ; कारखान्यातून आलेली गाडी मात्र दोहोंसाठी एकच तडजोड घेऊन आलेली असते. ही तडजोड आपल्या बाजूला झुकवण्याचा सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे साखळीच्या पुढच्या किंवा मागच्या दातेरी चाकाचे दात बदलणे. एटीव्ही या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, रुंद फुगीर टायरांच्या, मोटारसायकलसारख्या हँडलच्या चारचाकी वाहनाबाबतही हाच उपाय जगभर केला जातो. त्यातून नेमके काय बदलते आणि काय बदलत नाही, याचा विचार येथे केला आहे.

साखळीच्या कड्या ज्याच्या दातांत बसतात त्या दातेरी चाकाला स्प्रॉकेट म्हणतात. गॅरेजच्या बोलीत त्याचे 'सॉकेट' होते आणि साखळीसह दोन्ही चाकांच्या संचाला 'चेन सॉकेट' किंवा 'चेन सेट' असे म्हटले जाते. गिअरबॉक्समधून बाहेर आलेल्या दंडावर लहान स्प्रॉकेट बसते आणि मागच्या चाकाच्या हबवर मोठे. मागच्या दातांच्या संख्येला पुढच्या संख्येने भागले असता जो आकडा येतो त्याला अंतिम गुणोत्तर म्हणतात, आणि पुढचे स्प्रॉकेट किती फेरे फिरल्यावर चाकाचा एक फेरा पूर्ण होतो, हे तो सांगतो. सर्वच एटीव्हींना साखळी नसते, हे येथेच नोंदवले पाहिजे. शेतीकामाच्या, चारही चाकांना शक्ती पुरवणाऱ्या जड एटीव्हींमध्ये पट्ट्यावर चालणारी आपोआप बदलणारी यंत्रणा आणि पुढे फिरता दंड असतो, त्यामुळे तेथे दात बदलण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. साखळी आढळते ती खेळाच्या, मागच्या दोनच चाकांवर चालणाऱ्या एटीव्हींमध्ये, तसेच गोव्यात किंवा महाबळेश्वर-पाचगणीत पर्यटकांना फिरवण्यासाठी ठेवलेल्या छोट्या गाड्यांमध्ये. निपाणी-कागल पट्ट्यात साखळीचे खरे राज्य मोटारसायकलीवर आहे, म्हणून पुढील उदाहरणे दोन्हींकडून घेतली आहेत. गणित दोहोंचे एकच आहे.

या गणिताशी बेळगावचा संबंध जुना आहे. किर्लोस्कर उद्योगसमूह आपला आरंभ १८८८ मध्ये बेळगावात निघालेल्या सायकलच्या दुकानापासून मोजतो, आणि लक्ष्मणराव किर्लोस्कर व त्यांचे बंधू रामूअण्णा यांच्या नावाची आठवण त्या शहरातील किर्लोस्कर रोड आजही ठेवतो. हा काळ सायकलीच्या इतिहासातील वळणाचा होता. त्याआधीच्या उंच सायकलीत पायटे थेट पुढच्या चाकालाच जोडलेले असत, त्यामुळे पायट्याच्या एका फेऱ्यात गाडी जेवढी पुढे जायची तेवढाच चाकाचा परीघ असे, आणि वेग वाढवायचा तर चाकच मोठे करावे लागे. चालवणाऱ्याच्या पायाची लांबी हीच वेगाची मर्यादा होती. हान्स रेनॉल्ड यांनी १८८० मध्ये मँचेस्टर येथे बुश-रोलर साखळी सिद्ध केली आणि १८८५ मध्ये कॉव्हेंट्रीच्या जॉन केम्प स्टार्ली यांची मागच्या चाकाला साखळी जोडलेली रोव्हर सायकल आली, तेव्हा चाकाचा आकार आणि गाडीचा वेग यांची गाठ सुटली. समोर ४४ आणि मागे १८ दात असलेली २८ इंची चाकाची सायकल, थेट जोडणीच्या हिशेबाने, सुमारे ६८ इंच व्यासाच्या चाकासारखी चालते, आणि तेवढ्या उंच चाकावर बसणे कोणालाही शक्य नव्हते. सायकलीत मोठे दातेरी चाक पुढे व लहान मागे असते, मोटारसायकलीत नेमके उलट. कारण माणसाचे पाय सावकाश पण जोरात फिरतात, तर इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेते पण प्रत्येक फेऱ्यात त्याचा पीळ, म्हणजे फिरवण्याचा जोर, थोडाच असतो.

आता प्रत्यक्ष हिशेब. एखाद्या लहान मोटारसायकलीचे पुढचे स्प्रॉकेट १४ दातांचे आणि मागचे ४२ दातांचे आहे असे धरले, तर अंतिम गुणोत्तर बरोबर ३ येते. वरच्या गिअरमध्ये इंजिनच्या आतील एकूण घट ३.१ आणि टायरचा परीघ १.८७ मीटर मानला, तर इंजिन मिनिटाला ५,००० फेरे फिरत असताना गाडीचा वेग ताशी सुमारे ६० किलोमीटर असतो. पुढे १३ दात बसवले की गुणोत्तर ३.२३ होते आणि त्याच फेऱ्यांना वेग ५६ वर येतो. १५ दात बसवले की गुणोत्तर २.८ होते आणि वेग साडेचौसष्टच्या आसपास जातो. पहिल्या बदलात चाकापाशी मिळणारा जोर सुमारे पावणेआठ टक्क्यांनी वाढतो, दुसऱ्यात तो पावणेसात टक्क्यांनी घटतो. मागच्या बाजूने तोच परिणाम साधायचा असेल तर ४२ ऐवजी ४५ दात लावावे लागतात, ज्यातून गुणोत्तर ३.२१ येते. पुढचा एक दात म्हणजे मागचे जवळपास तीन दात, हा ठोकताळा मिस्त्री लोक तोंडपाठ सांगतात तो येथून आलेला आहे. मात्र तो सर्व गाड्यांना लागू पडणारा नियम नाही, कारण त्याचे खरे मूल्य गाडीच्या मूळ गुणोत्तराइतके असते. ज्या गाडीचे गुणोत्तर अडीच आहे तेथे पुढचा एक दात मागच्या अडीच दातांच्या बरोबरीचा.

'एक दात कमी केला की गाडीची ताकद वाढते' हे वाक्य इतक्या सहजतेने बोलले जाते की त्यातील चूक लक्षात येत नाही. इंजिनची शक्ती, म्हणजे एका क्षणात ते करू शकत असलेले काम, दातांनी बदलत नाही. साखळीत होणारी थोडी तूट वजा जाता ती जशीच्या तशी चाकापर्यंत पोहोचते. बदलतो तो त्या शक्तीचा वाटा : जोर वाढला तर वेग तितक्याच प्रमाणात घटतो. दुसरी गोष्ट अधिक दुर्लक्षित आहे. स्प्रॉकेट बदलल्याने सर्व गिअर एकाच प्रमाणात सरकतात, त्यांच्यामधील अंतर तसेच राहते. ज्या चालकाची तक्रार अशी असते की दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडते आणि तिसऱ्यात गाडी मरते, त्याची खरी अडचण दोन गिअरांमधील दरीची असते, आणि दात बदलून ती दरी बुजत नाही, फक्त वेगळ्या वेगाला येऊन उभी राहते. शिवाय एक गिअर खाली उतरवला की चाकापाशीचा जोर सामान्यतः चौथाई ते तृतीयांशाने वाढतो, तर एक दात बदलून सात-आठ टक्के मिळतात. हातातील गिअरचा खटका जे काम फुकट करतो त्यासाठी पैसे मोजले जात आहेत का, हे आधी तपासावे. अनेकदा उत्तर होकारार्थी येते.

तरीही काही ठिकाणी हा बदल अर्थपूर्ण असतो. निपाणीच्या दक्षिणेस महामार्गावर तवंदी घाट आहे, आणि निपाणीहून राधानगरीमार्गे देवगडला जाणारा रस्ता फोंडा घाटातून कोकणात उतरतो. बारास एक या चढावर माणूस, गाडी आणि ओझे मिळून २८० किलोचा भार असेल, तर चढामुळे मागे ओढणारा जोर सुमारे २३ किलो वजनाइतका होतो. त्यात टायरचा घर्षणरोध आणि वाऱ्याचा रोध मिळवावा लागतो. अशा चढावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अगदी थोडक्यासाठी अडत असेल आणि दुसऱ्यात इंजिन अकारण फिरत असेल, तर सात-आठ टक्क्यांचा फरक तिसऱ्या गिअरला तग धरायला लावतो. दुसरे खरे कारण पहिल्या गिअरचे आहे. त्याच्या खाली उतरायला काहीच नसते, म्हणून चिखलाच्या पाणंदीत किंवा शेताच्या बांधावर चढताना पहिला गिअरही जड पडत असेल, तर चालक अर्धा क्लच दाबून गाडी रेटतो आणि क्लचच्या प्लेटा जळतात. तेथे दातांचा बदल क्लच वाचवतो, आणि एका संचाच्या किमतीत ते नक्कीच परवडते. ओल्या काळ्या मातीत मात्र एक मर्यादा लवकर येते, कारण तेथे चाकाची पकड आधीच संपलेली असते. वाढलेला जोर गाडी पुढे न ढकलता चाक जागीच फिरवतो आणि खड्डा खोल करतो.

कमाल वेग आणि इंधन यांच्याबद्दलचे समज याहून भाबडे आहेत. गुणोत्तर कमी केले की गाडीचा 'टॉप' वाढतो, असे मानले जाते. ते तेव्हाच खरे असते जेव्हा मूळ गाडी वरच्या गिअरमध्ये फेऱ्यांच्या मर्यादेला टेकत असते. वाऱ्याचा रोध मोडायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे वेग एक दशांशाने वाढवायचा तर जवळपास एक तृतीयांश अधिक शक्ती लागते. लहान इंजिनाजवळ ती नसेल तर १५ दातांची गाडी वरच्या गिअरमध्ये मूळ गाडीपेक्षा सावकाशच धावते, आणि चालकाला समोरून वारा आला की गिअर उतरवावा लागतो. 'अ‍ॅव्हरेज' चे तसेच. सपाट महामार्गावर एकट्याने, एकाच वेगाने जाणाऱ्या गाडीला कमी गुणोत्तर काहीसे लाभते, कारण कमी फेऱ्यांत आणि जरा अधिक भारावर इंजिन इंधनाचा चांगला उपयोग करते. पण ओझे घेऊन, थांबत-निघत, गावातल्या गतिरोधकांवरून जाणाऱ्या गाडीला त्याच बदलाने सारखे खालच्या गिअरमध्ये यावे लागते आणि मिळालेला फायदा तेथेच सांडतो.

पुढचे स्प्रॉकेट बदलावे की मागचे, हा प्रश्न बहुतेक ठिकाणी किमतीवर सुटतो, आणि येथेच सर्वाधिक चुका होतात. पुढचे स्वस्त असते, अर्ध्या तासात बदलते आणि एका दाताने मोठा फरक देते. पण साखळीवर पडणारा ताण हा पुढच्या स्प्रॉकेटवरील पीळ भागिले त्याची त्रिज्या इतका असतो, म्हणून १४ ऐवजी १३ दात लावले की इंजिनच्या त्याच जोराला साखळीवरचा ताण सुमारे आठ टक्क्यांनी वाढतो. मागे तीन दात वाढवून तेच गुणोत्तर मिळवले तर साखळीचा ताण होता तेवढाच राहतो. याशिवाय साखळी खरे तर वर्तुळावर नव्हे, बहुभुजावर गुंडाळली जाते. प्रत्येक कडी दातावर चढताना साखळीचा वेग किंचित वाढतो आणि किंचित कमी होतो, आणि दात जितके कमी तितका हा धक्का मोठा : १५ दातांना तो सुमारे २.२ टक्के, १४ ला २.५, १३ ला २.९ आणि ११ ला ४ टक्क्यांच्या घरात असतो. प्रत्येक कडीला वळावे लागणारा कोनही लहान चाकावर वाढतो, आणि साखळीची झीज म्हणजे मुख्यतः पिना आणि बुश यांची वळताना होणारी घासणीच असते. त्यातच अगदी लहान स्प्रॉकेटमुळे साखळी मागच्या आडव्या दांड्याच्या, म्हणजे स्विंगआर्मच्या, वरच्या बाजूला घासू लागते. प्रयोग म्हणून पुढचा दात बदलून पाहणे योग्य आहे. बदल मनासारखा वाटला तर कायमसाठी तोच परिणाम मागच्या स्प्रॉकेटमधून घेणे, हे अधिक शहाणपणाचे. याउलट वेग वाढवायचा असेल तर पुढचा दात वाढवणे हाच साखळीला मानवणारा मार्ग आहे, फक्त इंजिनच्या आवरणात जागा आहे ना, हे पाहावे लागते.

साखळीच्या अंकांनाही अर्थ असतो. ४२८ मधील पहिला आकडा दोन पिनांमधील अंतर इंचाच्या आठव्या भागांत सांगतो, म्हणून ४२८ ची कडी अर्ध्या इंचाची, १२.७ मिलिमीटर, ५२० ची पाच अष्टमांश इंचाची, १५.८७५ मिलिमीटर. ४२८ च्या गाडीला ५२० चे स्प्रॉकेट बसत नाही, दात कितीही जुळले तरी. दात वाढले की साखळी लांब लागते : प्रत्येक वाढीव दाताला साधारण अर्धी कडी. ४२ चे ४५ केले तर दीड कडी जास्त गुंतते आणि जुनीच साखळी ठेवायची तर मागचा अ‍ॅक्सल सुमारे साडेनऊ मिलिमीटर पुढे सरकवावा लागतो. समायोजनाच्या खाचेत तेवढी जागा नसेल तर नवी साखळीच घ्यावी लागते. साखळीत आतली आणि बाहेरची कडी आलटून-पालटून येत असल्याने एकूण कड्या समसंख्येच्याच असतात, आणि त्यामुळे समसंख्येच्या दातांच्या स्प्रॉकेटवर एका दाताला नेहमी एकाच प्रकारची कडी भेटत राहते. १३ किंवा १५ सारखी विषम संख्या असेल तर ती आळीपाळीने बदलते आणि झीज वाटली जाते. जुनी ताणलेली साखळी नव्या स्प्रॉकेटवर चढवणे ही काटकसर सर्वांत महाग पडते : साखळीच्या कड्यांतील वाढलेले अंतर नव्या दातांना विळ्याच्या पात्यासारखे वाकवून टाकते, आणि उसाच्या हंगामातील धूळ व पाणंदीतला चिखल या कामाला घाई करतात. मागच्या स्प्रॉकेटवर साखळी हाताने मागे ओढून पाहिली आणि दाताचा बराचसा भाग उघडा पडला, तर संपूर्ण संच बदलण्याची वेळ आली असे समजावे.

एटीव्हीत या सर्वांवर टायरची बाब चढते. खेळाच्या एटीव्हीला मागे २० इंची टायर आणि १४-३८ चे स्प्रॉकेट असेल, म्हणजे गुणोत्तर २.७१, आणि मालकाने चिखलासाठी २२ इंची टायर बसवले, तर परीघ दहा टक्क्यांनी वाढतो. गाडी प्रत्येक फेऱ्यात तितकी जास्त पुढे जाऊ लागते आणि ओढ त्या प्रमाणात मंदावते. मूळ स्वभाव परत आणायला मागे ४२ दात लागतात. पण एटीव्हीचा मागचा अ‍ॅक्सल बहुधा दोन्ही चाकांना जोडणारा एकच सलग दंड असतो आणि स्प्रॉकेट त्याच्या मधोमध, जमिनीजवळ लटकते. ५२० च्या साखळीचे ३८ दातांचे चाक साखळीच्या मध्यरेषेवर सुमारे १९२ मिलिमीटर व्यासाचे असते आणि ४२ दातांचे २१२. म्हणजे खालची कड सुमारे एक सेंटिमीटर जमिनीकडे येते. मोठ्या टायरने अ‍ॅक्सल एक इंच वर उचललेला असल्यामुळे ते खपते, पण मूळ टायर ठेवून नुसतेच मोठे स्प्रॉकेट लावले की दगड आणि मुळे दातांना लागू लागतात. दुचाकीच्या अनुभवावरून एटीव्हीत बदल करणारे येथे फसतात, कारण मोटारसायकलीच्या मोठ्या चाकात ही अडचण कधी जाणवत नाही.

गुणोत्तराचा विचार इंजिनपासून वेगळा काढून शिकण्याची उत्तम संधी भारतात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना बाहा एसएई इंडिया या, विद्यार्थ्यांनी स्वतः बनवलेल्या खडतर जमिनीवरच्या गाड्यांच्या स्पर्धेत मिळते, जी २००७ पासून इंदूरजवळच्या पिथमपूरपाशी भरू लागली. तेथे सर्व संघांना बराच काळ एकाच प्रकारचे, ३०५ सीसीचे आणि दहा अश्वशक्तीच्या आसपासचे इंजिन वापरावे लागे आणि त्यात फेरफार करण्याला मनाई असे. शक्ती सर्वांची सारखी, म्हणून चढाव, ओढ, प्रवेग आणि चार तासांची सहनशक्ती या सर्वांना एकच गुणोत्तर कसे पुरेल, यावरच डोकेफोड होते, आणि बहुतेक संघ आपोआप बदलणाऱ्या पट्टा-यंत्रणेकडे किंवा तीनचाकी मालवाहू रिक्षाच्या गिअरबॉक्सकडे वळतात. कोगनोळीच्या शेतकऱ्याचा प्रश्न आणि या विद्यार्थ्यांचा प्रश्न मुळात एकच आहे; फरक इतकाच की शेतकऱ्याला परीक्षक नाही.

दात बदलल्यावर वेगमापकाचे काय होते, हे तो कोठून फिरतो यावर ठरते. जुन्या गाड्यांत त्याची केबल पुढच्या चाकातून येते, त्यामुळे मागचे स्प्रॉकेट कसेही बदलले तरी आकडा खरा राहतो; ज्या गाड्यांत संवेदक गिअरबॉक्सपाशी असतो तेथे वेग आणि एकूण किलोमीटर दोन्ही चुकतात, आणि पुढचे दात कमी केले असतील तर गाडी प्रत्यक्षापेक्षा जोरात धावत असल्याचे दाखवले जाते. कायद्याच्या बाजूने, मोटार वाहन कायदा १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपासून वेगळे होतील असा बदल करण्यास मज्जाव करते. नोंदणीपत्रात स्प्रॉकेटच्या दातांची संख्या लिहिलेली नसते, म्हणून रस्त्यावर कोणी ते मोजत नाही. हमीचा दावा करण्याची वेळ आली की मात्र ते मोजले जातात.

या भागात दातांचे गणित सर्वांत नेमकेपणाने वापरले जाते ते मोटारसायकलीत नव्हे, पेरणी यंत्रात. ट्रॅक्टरच्या पेरणी यंत्राचे जमिनीवर फिरणारे चाक साखळीने बियांच्या चकतीला जोडलेले असते, आणि मक्यासारख्या पिकासाठी दोन रोपांमधील अंतर ठरवायचे तर स्प्रॉकेटच बदलतात. चाकाचा परीघ १६० सेंटिमीटर, चकतीला आठ खाचा आणि जोडणी एकास एक असेल, तर २० सेंटिमीटरवर एक बी पडते. चाकाच्या बाजूला २० व चकतीच्या बाजूला १६ दात लावले की चकती सव्वापट फिरते आणि अंतर १६ सेंटिमीटरवर येते. येथे ओढ किंवा वेग यांचा वाद नसल्यामुळे शेतकरी दात नीट मोजून बसवतो, पण काळ्या मातीत वापसा होण्याआधी यंत्र घातले तर त्या चाकाला मातीचा थर चिकटून त्याचा परीघ वाढतो, चाक कमी फिरते आणि मोजून लावलेल्या दातांनंतरही ओळीत मोकळ्या जागा पडतात.